कर्दळ, जरबेरा, डे लिली, गवती चहा: पावसाळ्यानंतर बेटं फोडून नव्याने कशी लावायची

दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर ओळखीच्यांकडून मला तेच फोटो येतात. जरबेराचा मधला कोंब काळा पडलेला, कर्दळीची पानं कडेने करपलेली, डे लिलीची दोन पिवळी पाती कशीबशी उभी. खाली प्रश्नही ठरलेला: "पाणी तर रोज घालतोय, मग काय झालं?"

झालेलं असतं ते बहुतेक वेळा पाण्याच्या आधीच. दिवाळीच्या साफसफाईच्या भरात बेट उपटलं जातं, मग कुंडी शोधली जाते, मग माती आणायला माणूस बाहेर पडतो. तोवर मुळं गच्चीवरच्या उन्हात तीन तास पडून असतात.

दुसरा घोळ व्हिडिओंमुळे होतो. थंड देशातले बागकामवाले सांगतात की शरदात झाडं फोडा, लावा, एकदा पाणी द्या आणि विसरून जा. तिकडे ते खरं आहे, कारण पुढे थंडी येते, पाऊस पडत राहतो आणि झाड झोपी जातं. आपल्याकडे ऑक्टोबरात ऊन तापतं, पुढचे सात-आठ महिने पावसाचा थेंब नाही, आणि यातली बहुतेक झाडं झोपतही नाहीत. तिथला पाऊस जे काम फुकटात करतो ते इथे झारीने आपल्यालाच करावं लागतं. खालचा सगळा क्रम हे धरूनच मांडला आहे.

माझी बाग पुण्यातली: मागच्या दारी दहा बाय बाराचा तुकडा आणि गच्चीवर कुंड्या. तारखा त्या हिशेबाने दिल्या आहेत. कोकण आणि विदर्भासाठीचे बदल त्या-त्या ठिकाणी येतील.

## १. कोणाचं बेट फोडायचं, कोणाचं नाही

बागेत आधी एक रिकाम्या हाताने फेरी मारा. बेट फोडायला आलं आहे हे ओळखणं सोपं आहे. मधला भाग बोडका होतो आणि नवी वाढ फक्त कडेला दिसते, फुलं लहान आणि कमी येतात. कुंडीत असेल तर पाणी घातल्यावर ते वरच साचतं किंवा कडेने सरळ खाली निघून जातं, कारण आत मातीपेक्षा मुळंच जास्त झालेली असतात. जरबेराला साधारण २-३ वर्षांनी ही वेळ येते, कर्दळीला २ वर्षांनी, डे लिलीला ३-४ वर्षांनी.

या मोसमात फोडायला चांगली: कर्दळ, जरबेरा, डे लिली, गवती चहा, रेन लिली, स्पायडर लिली, स्नेक प्लांट, कोरफड.

आत्ता हातसुद्धा लावू नका अशीही आहेत, आणि खरं नुकसान इथेच होतं.

शेवंतीला दिवस लहान होऊ लागले की कळ्या धरतात, त्यामुळे या दिवसांत ती भरात असते. तिच्या काश्या, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिल्लं, फुलं संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत काढायच्या. हळद आणि आलं अजून गड्ड्यात भर घालत असतात, त्यांची पानं वाळेपर्यंत थांबा. मे फ्लॉवरचं, म्हणजे फुटबॉल लिलीचं पान हिरवं आहे तोवर ते पुढच्या मे महिन्यातल्या फुलाची शिदोरी कंदात साठवत असतं. पान पिवळं पडून लोळलं की मग कंद काढा. निशिगंधाचंही तेच, त्याची नवी लागवड तशीही एप्रिल-मेमध्येच करतात. सोनटक्का फुलं देऊन थकलेला असतो, त्याला पावसाच्या तोंडावर हलवणं बरं.

मोगरा फोडण्याचा प्रयत्न करणारेही भेटतात. मोगऱ्याचं बेट नसतं, झुडूप असतं. त्याची रोपं दाब कलमाने करतात, कोयत्याने नाही.

सावधान: कर्दळीच्या पानांवर शिरांच्या बाजूने पिवळट रेघा आणि ठिपके दिसत असतील, आणि ती मुळातच पट्ट्यापट्ट्यांची जात नसेल, तर ते बेट फोडून वाटू नका. हा विषाणूजन्य रोग गड्ड्यातून पुढे जातो. असं बेट काढून टाकलेलं बरं.

## २. दिवस कोणता

पाऊस गेला म्हणजे वेळ झाली, असं समजू नका. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे ऑक्टोबर हीटचे. मुळं तोडलेल्या झाडासाठी वर्षातला हा सगळ्यात वाईट काळ म्हणायला हरकत नाही, कारण हवा कोरडी, ऊन थेट आणि आकाशात ढग नाही.

मी कॅलेंडरऐवजी पांघरूण बघतो. पहाटे पंखा बंद करून चादर ओढावीशी वाटू लागली की काम सुरू करायचं. पुण्या-नाशकात हे साधारण ऑक्टोबरच्या अखेरीला होतं आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत काम करता येतं. विदर्भात आणि निफाडसारख्या कडक थंडीच्या भागात नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकून घ्या. रात्रीचा पारा १०-१२ अंशांखाली गेला की कर्दळ, गवती चहा यांची मुळं हलायचं नाव घेत नाहीत. कोकणात आणि गोव्यात थंडी सौम्य असल्याने डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालतं.

यात दिवाळी आडवी येते. धनत्रयोदशीच्या आधीच्या रविवारी हौसेने बेटं फोडायची, आणि पाडव्याला कुलूप लावून चार दिवस गावी जायचं, हा प्रकार मी स्वतः दोनदा केला आहे. परत आल्यावर फक्त कोरफड जिवंत होती. तेव्हापासून भाऊबीज उरकून घरी परतल्यानंतरचा पहिला मोकळा रविवार हाच माझा मुहूर्त. दिवाळी लवकर आली आणि उकाडा सरला नसेल तर आणखी एक-दोन आठवडे जाऊ द्या.

तपासा: पुढचे दहा दिवस घरी कोणीतरी आहे ना? नसेल तर आज सुरुवात करू नका.

## ३. आधी नवी जागा

हे काम फोडण्याच्या ८-१० दिवस आधी करायचं. सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा हाच.

ऊन पुन्हा बघा. पावसाळ्यात बघून ठेवलेली जागा आता तशी राहत नाही. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. जून-जुलैत जिथे ऊन येत नव्हतं त्या दक्षिणेच्या गॅलरीत आता दिवसभर ऊन असतं, आणि उत्तरेची गॅलरी मार्चपर्यंत सावलीत जाते. फ्लॅटवाल्यांनी हे आवर्जून बघावं. कर्दळ, डे लिली, गवती चहा यांना किमान ५-६ तास ऊन हवं. जरबेराला सकाळचं ऊन आणि दुपारनंतर थोडा आडोसा मानवतो.

वाफसा येऊ द्या. जमीन ओली असताना खणली की काळ्या मातीची ढेकळं होतात आणि ती वाळून दगडासारखी घट्ट बनतात. मूठभर माती घेऊन गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच राहिला तर दोन दिवस थांबा. गोळाच झाला नाही तर आदल्या संध्याकाळी पाणी द्या.

खणणं. ३० सेंटीमीटर खोल खणा. रो हाऊसच्या बागेत १५ सेंटीमीटरखाली हमखास विटांचे तुकडे, वाळलेलं प्लास्टर आणि मुरूम लागतो. तो राडारोडा काढून टाका. वरची माती कितीही चांगली असली तरी खाली सिमेंटची पापडी असेल तर पाणी तिथेच तुंबतं.

काळी चिकण माती असेल तर जमिनीपेक्षा १५-२० सेंटीमीटर उंच वाफा करा. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत पाणी तुंबण्याची भीती कमी, पण ती लवकर कोरडी पडते. तिथे उंच वाफ्याऐवजी खत आणि पालापाचोळा जास्त घाला.

खत. दर चौरस मीटरला अर्धं घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळा, पाणी द्या आणि आठवडाभर मुरू द्या. शेणखत हातात घेतल्यावर गार, भुसभुशीत लागलं पाहिजे आणि त्याला शेणाचा वास येता कामा नये. कच्चं शेणखत मुळांशी गरम होतं, शिवाय त्यातून हुमणीच्या अळ्या बागेत येतात. गोठ्यावरून स्वस्तात मिळालेली गोणी अशी महागात पडते.

कुंड्या. जरबेराला ८-१० इंची, कर्दळीला किमान १४ इंची, गवती चहाला १२ इंची. बागेची माती दोन भाग, शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट किंवा जाडसर वाळू एक भाग. जरबेरासाठी कोकोपीट नको, वाळूच घ्या. कुंडीचं भोक मोकळं आहे का ते काडी घालून पाहा. नव्या सिमेंटच्या कुंड्यांत ते अनेकदा बुजलेलंच असतं.

## ४. आदल्या दिवशी

हत्यारं फार लागत नाहीत: खुरपं, पहार किंवा लहान टिकाव, धारदार सुरी, सिकेटर (छाटणीची कात्री), पाण्याची बादली आणि एक ओलं गोणपाट. सुरी आणि सिकेटर स्पिरिटने पुसा. एका बेटाकडून दुसऱ्याकडे जाताना परत पुसा.

संध्याकाळी बेटाला भरपूर पाणी द्या. भिजलेल्या मातीतून मुळं कमी तुटतात आणि झाडाच्या पोटात पाणी भरलेलं असतं. कोरफड आणि स्नेक प्लांटला मात्र आदले ४-५ दिवस पाणी बंद ठेवा.

खुणेच्या पट्ट्या आत्ताच तयार करा. पानं छाटली की लाल आणि पिवळी कर्दळ सारखीच दिसते. प्लास्टिकच्या डब्याच्या पट्ट्या कापून त्यांवर पेन्सिलीने लिहा. मार्कर उन्हात दोन महिन्यांत उडतो, पेन्सिल टिकते.

## ५. छाटणं आणि उकरणं

काम संध्याकाळी चारनंतर सुरू करा, म्हणजे लावलेल्या झाडाला पुढे अख्खी रात्र मिळते. एका वेळी एकच बेट घ्या. ते लावून, पाणी देऊन झालं की मग दुसरं. चार बेटं एकदम उकरून ठेवणाऱ्याचं चौथं बेट सुकतं.

आधी छाटणी. मुळं तुटली की पाणी कमी ओढलं जातं, पानं मात्र पूर्वीइतकंच पाणी उडवत राहतात. हा हिशेब जुळवायला पानं कमी करायची.

- कर्दळीचे फुलून गेलेले दांडे जमिनीलगत कापा, कोवळे दांडे २० सेंटीमीटरवर. गुंडाळलेल्या पानांत अळी असते, ती पानं खताच्या खड्ड्यात न टाकता नष्ट करा.
- डे लिलीची पाती १५ सेंटीमीटर ठेवा.
- गवती चहा २० सेंटीमीटरवर कापा. पात ब्लेडसारखी लागते, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.
- जरबेराची बाहेरची जुनी पानं देठासकट काढा, आतली ३-४ पानं पूर्ण ठेवा.

कळ्या आणि फुलं सगळी खुडा. इथे हात धजावत नाही, मला माहीत आहे. पण फुललेलं जरबेरा नव्या मुळांवर खर्च करायची ताकद त्या एका फुलावर घालवतं. फुलं घरात फुलदाणीत ठेवा, चार दिवस शोभतील.

आता बेटापासून १५-२० सेंटीमीटर लांब, चारही बाजूंनी पहार घाला आणि मग खालून उचला. पानं धरून ओढायचं नाही. जरबेराचा गड्डा मानेशी, म्हणजे पानं आणि मुळं जिथे जुळतात तिथे तुटतो आणि हातात फक्त पानांचा जुडगा येतो.

कुंडीतलं बेट निघत नसेल तर कुंडी आडवी करून कडेवर तळव्याने थापट्या मारा. तरीही हटत नसेल तर कडेने लांब सुरी फिरवा. मातीच्या कुंडीचा मोह सोडून ती फोडावी लागली तर फोडा.

तपासा: उकरलेल्या मातीत इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या पांढऱ्या जाड अळ्या दिसतात का? ती हुमणी. एकेक वेचून काढा आणि ती माती पुन्हा वापरू नका.

## ६. फोडणं

बेट बादलीत १५-२० मिनिटं बुडवून ठेवा. काळी माती हाताने झटकून निघत नाही, ओढाओढीत बारीक मुळं जातात. माती सुटली की बेट कुठे जोडलेलं आहे ते डोळ्यांना दिसतं. न बघता कोयता मारणं ही या टप्प्यावरची नेहमीची चूक.

प्रत्येक तुकड्यावर वाढीचा कोंब किंवा डोळा हवा आणि खाली स्वतःची मुळं हवीत. यातलं एक नसेल तर तो तुकडा झाड होणार नाही. गड्ड्यावर जगणारी कर्दळ तेवढी अपवाद: डोळे शाबूत असतील तर तिला मुळं नव्याने फुटतात.

तुकडे फार बारीक करू नका. एका बेटाची दहा रोपं करण्याची हौस मी समजू शकतो, पण पुढे आठ कोरडे महिने काढायचे आहेत. मुठीएवढा तुकडा तग धरतो. बोटाएवढ्याला नर्सरीतल्यासारखी देखभाल लागते.

कर्दळ. गड्ड्यावर गुलाबीसर टोकदार डोळे दिसतात. २-३ डोळ्यांचा एक तुकडा धरा. जिथे गड्डा अरुंद होतो तिथे वाकवला की कट्कन मोडतो, नाही मोडला तर सुरीने कापा. मधले जुने, तपकिरी, पोकळ झालेले गड्डे फेकून द्या. चांगलं पीक कडेच्या गड्ड्यांवर असतं.

जरबेरा. हे सर्वांत नाजूक. धुतलेल्या गड्ड्यात वेगवेगळ्या पानांचे गुच्छ दिसतील. दोन गुच्छांच्या मधे दोन्ही अंगठे घालून हळूहळू फाकवा. जिथे लाकडासारखं घट्ट लागतं तिथेच सुरी वापरा. पहिल्यांदा करणाऱ्यांनी २ गुच्छ एकत्र ठेवावेत. ज्या गुच्छाला एकही पांढरं, जिवंत मूळ नाही तो वाढेल या आशेवर कुंडी अडवून ठेवू नका. मुळं फार लांब असतील तर १०-१२ सेंटीमीटरवर छाटा, म्हणजे लावताना ती दुमडणार नाहीत.

डे लिली. पाती पंख्यासारख्या फुटलेल्या असतात, आणि तोच एक पंखा म्हणजे एक झाड. २-३ पंखे मिळून एक तुकडा करा. दोन हातांनी धरून उलटसुलट दिशेने पिळलं की सुटतात.

गवती चहा. हा दणकट गडी आहे. ३-४ फुटव्यांचा तुकडा, मुळं ५-७ सेंटीमीटरवर छाटलेली. वाळलेले बाहेरचे आवरण सोलून टाका.

रेन लिली, स्पायडर लिली. कंद हाताने सुटे होतात. चिकटलेले छोटे कंद जबरदस्तीने तोडू नका.

स्नेक प्लांट. पिवळ्या काठाची जात असेल तर फोडूनच वाढवा. तिच्या पानाचे तुकडे लावले तर येणारं रोप साधं हिरवं निघतं, मग नर्सरीवाल्याला दोष दिला जातो.

कोरफड. निदान १०-१२ सेंटीमीटरचं आणि स्वतःची मुळं असलेलं पिल्लूच वेगळं करा.

तपासा: गड्डा दाबल्यावर मऊ लागतो किंवा आंबूस वास येतो का? तेवढा भाग पांढरं निरोगी गर दिसेपर्यंत कापा, सुरी पुसा, मग पुढे जा.

## ७. जखम: कोणाची सुकवायची, कोणाची नाही

सगळ्या झाडांना एकच नियम लावल्यामुळे निम्मी मरतात. कोणीतरी सांगितलेलं असतं की "कापल्यावर दोन दिवस सावलीत ठेव." ते कोरफडीबद्दल असतं आणि ऐकणारा जरबेराला लावतो.

बारीक मुळांची झाडं (जरबेरा, डे लिली, गवती चहा) अजिबात सुकवायची नाहीत. फोडली की ओल्या गोणपाटाखाली, अर्ध्या तासात मातीत.

कर्दळीचा कापलेला गड्डा सावलीत २-३ तास, फार तर रात्रभर ठेवला तर कापलेला भाग कोरडा होतो आणि कुजण्याची भीती कमी होते. कर्दळ तेवढी सकाळी फोडून ठेवलीत तरी चालेल.

स्नेक प्लांटला २ दिवस, कोरफडीला ३ दिवस सावलीत कोरडं पडू द्या.

कापलेल्या जागी चुलीची राख किंवा हळद लावतात. त्याने नुकसान नाही. ट्रायकोडर्मा मिळत असेल तर तो लावण्याच्या वेळी मातीत मिसळणं मला जास्त भरवशाचं वाटतं. मात्र त्याच वेळी बुरशीनाशक वापरू नका. ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे.

## ८. लावणं: सगळा खेळ खोलीचा

माझी पहिली सहा जरबेरा मी टोमॅटोच्या रोपासारखी छान खोल, मातीत दाबून लावली होती. तीन आठवड्यांत सगळ्यांचा मधला कोंब काळा पडून हातात आला. मुळं मात्र धडधाकट होती.

| झाड | किती खोल | अंतर |
|---|---|---|
| जरबेरा | गड्ड्याची मान मातीच्या १-२ सेंटीमीटर वर | ३० सेंटीमीटर |
| डे लिली | मानेवर जेमतेम २ सेंटीमीटर माती | ३५-४० सेंटीमीटर |
| कर्दळ | आडवी, डोळे वर, त्यावर ५-८ सेंटीमीटर माती | ४५-६० सेंटीमीटर |
| गवती चहा | ५-७ सेंटीमीटर | ६० सेंटीमीटर |
| रेन लिली | कंदाची मान मातीच्या पातळीला | ८-१० सेंटीमीटर |
| स्पायडर लिली | कंदाची मान मातीबाहेर | ३०-४५ सेंटीमीटर |
| कोरफड | पानांचा बुंधा मातीबाहेर | ३० सेंटीमीटर |

जरबेरा आणि डे लिलीसाठी खड्ड्यात मातीची छोटी टेकडी करा, तुकडा तिच्यावर बसवा आणि मुळं चारी बाजूंनी उतरती सोडा. मग माती भरा आणि बोटांनी दाबा. पायाने दाबू नका.

लगेच झारीने सावकाश पाणी द्या. नळीचा जोराचा झोत नको, त्याने माती वाहून मानेवर चढते. पाणी मुरलं की खाली वाकून बघा. माती बसते आणि झाडही तिच्याबरोबर खाली जातं. लावताना वर दिसलेली जरबेराची मान आता मातीत गेलेली असू शकते. गेली असेल तर आत्ताच बोटाने बाजूची माती सारा, उद्या नको.

कोरफड आणि स्नेक प्लांटला लावल्यावर ४-५ दिवस पाणी द्यायचंच नाही.

## ९. पहिले एकवीस दिवस

सावली. जमिनीतल्या झाडांवर पहिले १०-१२ दिवस सकाळी अकरा ते चार आडोसा हवा. पन्नास टक्क्यांचं शेडनेट उत्तम, नाही तर जुनी सुती साडी चार काठ्यांवर बांधा. झाडाला टेकता कामा नये. मग रोज तासाभराने सावली कमी करत जा. बाराव्या दिवशी एकदम काढली तर पानं भाजतात.

पाणी. रोजचा ठरलेला तांब्या विसरा. मातीत दोन पेरं बोट घाला. आत गार, ओलसर लागलं तर पाणी नको. कोरडं लागलं तर भरपूर द्या आणि परत वाट बघा. माझ्याकडे जमिनीत पहिला आठवडा साधारण एक दिवसाआड, कुंडीत बहुतेक रोज, आणि तिसऱ्या आठवड्यात जमिनीत दर तीन दिवसांनी एवढं पुरतं. पाणी सकाळी द्या. जरबेराच्या मानेत रात्रभर पाणी साचलं तर कूज सुरू होते.

गोंधळ होतो तो झाड मान टाकतं तेव्हा. दुपारी दोनला सुकलेलं आणि संध्याकाळी परत ताठ झालेलं झाड ठीक आहे, त्याला तसंच राहू द्या. सकाळी सात वाजता मान टाकलेली असेल तर बोट घालून बघा. माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली आणि झाड सुकलेलं असेल तर मुळं कुजताहेत. अशा वेळी लोक आणखी पाणी घालतात आणि झाड संपतं. पाणी थांबवा, झाड उकरून बघा, काळी मुळं कापा आणि कोरड्याशा मातीत वर उचलून परत लावा.

आच्छादन. वाळलेला पालापाचोळा किंवा उसाचं पाचट ५ सेंटीमीटर जाड पसरा, पण मानेपासून चार बोटं लांब. जरबेराच्या गळ्याशी आच्छादन चढवलं की खोल लावल्यासारखंच होतं.

खत नको. तीन-चार आठवडे काहीही घालू नका. युरिया तर नाहीच. तुटलेली मुळं खत घेऊ शकत नाहीत, उलट भाजतात.

## १०. चाळिसाव्या दिवशी काय दिसायला हवं

गवती चहाला १०-१५ दिवसांतच नवी पात दिसते. जरबेराच्या मध्यातून २-३ आठवड्यांत कोवळं, किंचित लवदार पान वर येतं. ते दिसलं की झाडाने जीव धरला, बाहेरची जुनी पानं पिवळी पडली तरी काळजी नको. कर्दळ ३-४ आठवडे घेते, थंडी लवकर पडली तर त्याहून जास्त. तिला उकरून बघू नका. डे लिली नवी पाती काढते आणि थंडीत तशीच बसून राहते.

नवी वाढ दिसलेल्या झाडांना आता पातळ जीवामृत (एकास दहा पाणी) किंवा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम द्या, पंधरा दिवसांनी एकदा. जरबेराने पहिली कळी काढली तर तीही खुडा, दुसरीपासून ठेवा.

वाढ न दिसलेला तुकडा हलकेच हलवून बघा. जागचा हलत नसेल तर मुळं धरली आहेत, आणखी तीन आठवडे द्या. अलगद वर आला तर खालचा भाग बघा: पांढरी टोकं असतील तर परत बसवा, मऊ चिखल असेल तर तो तुकडा आणि त्याच्या भोवतीची ओंजळभर माती फेकून द्या. त्या जागी लगेच त्याच जातीचं झाड लावू नका.

उरलेले तुकडे शेजारी द्यायचे असतील तर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्या, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून नको. सोबत पेन्सिलीने लिहिलेली पट्टी ठेवा: झाडाचं नाव, फुलाचा रंग आणि किती खोल लावायचं. जरबेराच्या पट्टीवर मी "मान वर" एवढंच मोठ्या अक्षरात लिहितो.